मेश्राम सरांचं यंत्र

मनुष्याची बुद्धी श्रेष्ठ की यंत्राची, या प्रश्नाचा मध्य भारतातला पहिला निकाल आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये लागला, हे मी अधिकाराने सांगू शकतो. त्या बुद्धिबळाच्या सामन्यात मी यंत्राच्या बाजूने होतो. बाजूने म्हणजे यंत्राच्या आतच होतो. ते यंत्र माणसांचं होतं. त्यातला प्याद्यांचा विभाग माझ्याकडे होता, आणि गृहविज्ञानाच्या डोंगरेबाईंचा तास असला की यंत्र बंद पडायचं.

यंत्र उभं केलं होतं दिनकर मेश्राम यांनी. ते संख्याशास्त्र शिकवायचे, मी मराठी. उंच, वाळका माणूस. अंगात बुशशर्ट, खिशात दोन पेनं, आणि उजव्या पँटच्या घोट्याला सायकलची क्लिप. कॉलेजात आल्यावर ती काढायला ते हमखास विसरत आणि दिवसभर तसेच शिकवत. त्यामुळे त्यांचा एक पाय नेहमी निघायच्या तयारीत दिसायचा.

जगातल्या प्रत्येक गोष्टीला मेश्राम आकडा द्यायचे. शून्य म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. अधिक म्हणजे आपलं बरं चाललंय, वजा म्हणजे समोरच्याचं. कँटीनमधले तर्री-पोहे अधिक दीड. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी नसलेली स्टाफरूम वजा चार. प्राचार्यांचं स्वातंत्र्यदिनाचं भाषण वजा तीन, "पण या वर्षी लवकर संपलं, म्हणून वजा दोन धरा." माझा एक लेख दिवाळी अंकात छापून आला तेव्हा त्यांनी तो पुरता वाचला आणि अधिक अर्धा दिला. तो अर्धा कशाचा, असं मी विचारलं.

"छपाई चांगली आहे," ते म्हणाले.

एकदा मी विचारलं, "तुमचं स्वतःचं काय? तुमचा आकडा किती?"

"शून्य," ते म्हणाले. "समोरच्याची खेळी यायची आहे अजून."

हे समोरचे कोण, ते मला पुढे कळलं.

मेश्रामांचे वडील कन्हानकडच्या कोळसा खाणीत होते. छप्पन साली सारं घर नागपूरला येऊन दीक्षा घेऊन गेलं तेव्हा मेश्राम शाळेत होते. बुद्धिबळ ते खाणीच्या वजनकाट्यावरच्या एका बाबूकडून शिकले. त्या बाबूच्या संचातला एक हत्ती हरवलेला होता आणि त्याच्या जागी टॉर्चचा जुना सेल उभा असे. मेश्राम सांगत की पुढे कितीतरी वर्षं खरा हत्ती पाहिला की त्यांना तो नकली वाटायचा. कॉलेजात आल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांची स्पर्धा जिंकली. त्या वेळी अशी पद्धत होती की जिंकणाऱ्या मुलाने विदर्भाच्या चॅम्पियनबरोबर एक डाव खेळायचा. चॅम्पियन होते वासुदेवराव पांढरीपांडे वकील. सदरमध्ये बंगला, बंगल्यात दिवाणखाना, दिवाणखान्यात शिसवी पट.

पांढरीपांडे वकील वाईट माणूस नव्हते. ते अतिशय सभ्य होते. सभ्य माणसाला नकार देता येत नाही. तो तारीख देतो. मेश्रामांना त्यांनी "पुढच्या आठवड्यात या" म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांना कोर्टाचं काम निघालं. त्यानंतर दिवाळी आली, नंतर उन्हाळा. मेश्रामांच्या आधीच्या वर्षी जिंकलेल्या मुलाशी ते खेळले होते आणि नंतरच्या वर्षीच्या मुलाशीही खेळले. मधली तारीख तेवढी राहून गेली. कोणी कोणाला काही बोललं नाही. मेश्राम शिकले, नोकरीला लागले, त्यांचं लग्न झालं, केस पिकायला लागले. वर्षातून एखाद्या वेळी वकील कुठल्या समारंभात भेटत आणि स्वतःहून म्हणत, "अरे, आपला एक डाव राहिलाय, नाही का?"

"राहिलाय, साहेब," मेश्राम म्हणत.

हे त्यांनी मला एका दुपारी संत्रं सोलता सोलता सांगितलं, दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट सांगावी तसं. सांगून झाल्यावर फोडी समान वाटल्या आणि एक उरली ती मला दिली.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. परदेशात एका यंत्राने कोणा मोठ्या खेळाडूला बुद्धिबळाच्या एका डावात हरवल्याची चार ओळींची बातमी पेपरात आली होती. त्याच हिवाळ्यात आमच्या स्नेहसंमेलनाला वकीलसाहेब प्रमुख पाहुणे म्हणून आले. पाहुण्यांनी बातमीचा आधार घेतला आणि आत्म्यावर बोलायला लागले. यंत्राला आत्मा नाही, प्रतिभा नाही, संस्कार नाहीत, ते माणसाला काय हरवणार, असं म्हणता म्हणता ते रंगले आणि हात उंचावून म्हणाले, "आणा कोणी यंत्र नागपुरात. हा पांढरीपांडे खेळायला तयार आहे."

टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून मेश्राम उठले.

"आणतो, साहेब," ते म्हणाले.

पाचशे लोकांसमोर तारीख देता येत नाही. वकिलांनी मान डोलावली. प्राचार्यांनी आभार मानताना कॉलेज लवकरच संगणक घेणार असल्याचं जाहीर करून टाकलं. कॉलेजकडे तेव्हा एक सायक्लोस्टाइल मशीन होतं आणि तेही शाई गाळायचं.

दुसऱ्या दिवशी मी मेश्रामांना विचारलं, "यंत्र कुठून आणणार?"

"यंत्र म्हणजे काय?" त्यांनी मलाच विचारलं. "डबा म्हणजे यंत्र नाही, मुळे सर. रीत म्हणजे यंत्र. मी विद्यापीठाच्या लायब्ररीत वाचलेलं आहे सगळं. ते खेळत नाही. ते मोजते. वजीर नऊ, हत्ती पाच, उंट-घोडे तीन-तीन, प्यादं एक. आपले किती, त्याचे किती. मग कोणाच्या सोंगट्यांना जायला किती घरं मोकळी आहेत ते मोजते. राजाच्या अंगणात किती लोक पहारा देऊन राहिले, ते मोजते. सगळ्यांची बेरीज. जिथं बेरीज जास्त, तिकडे चालते. एवढंच आहे."

"एवढंच?"

"आणखी एक आहे. आपण खेळल्यावर समोरचा आपलं जेवढं वाईट करता येईल तेवढं करीन, असं धरून चालायचं. तो चुकीन, तो दयाळू आहे, त्याचं लक्ष नाही, असं काहीच धरायचं नाही."

शेजारी बसून पेपर तपासणाऱ्या डोंगरेबाईंनी मान वर न करता म्हटलं, "मग हे यंत्र तर मी लग्न झालं तेव्हापासून चालवून राहिली."

मेश्रामांनी त्यांना तिथल्या तिथे यंत्रात घेतलं.

बाईंकडे सोंगट्यांची बेरीज आली. माझ्याकडे प्यादी आणि राजाचं अंगण. घरं मोजायचं काम पदार्थविज्ञानाच्या खानझोड्यांनी मागून घेतलं, कारण आमच्यात बुद्धिबळ येणारे ते एकटेच होते. स्टाफरूमच्या लांब टेबलावर चार पट मांडले. मेश्राम प्रत्येक पटावर एक शक्यता लावत. आपली खेळी, त्यावर त्यांची, त्यावर पुन्हा आपली. आम्ही आपापला आकडा सांगायचा, ते बेरीज करायचे, पट पुसल्यासारखा आवरून दुसरी शक्यता लावायचे. एका खेळीला दिवसभरातले सगळ्यांचे रिकामे तास लागत. परदेशातलं यंत्र हेच काम एका मिनिटात करतं असं मेश्राम म्हणाले तेव्हा डोंगरेबाईंनी विचारलं, त्या यंत्राले पोरांचे पेपर तपासावे लागतात का.

यंत्राचं उद्‍घाटन झालंच. प्राचार्यांनी नारळ आणि हार मागवला होता. नारळ फुटला, पण हार घालायला समोर काहीच नव्हतं. फक्त टेबल होतं आणि त्याभोवती पगारी माणसं. प्राचार्य क्षणभर हार घेऊन उभे राहिले, मग त्यांनी तो मधल्या पटावरच ठेवला. पांढरा राजा आडवा झाला. मेश्रामांनी हार उचलून खिडकीला लावला, राजा उभा केला आणि म्हणाले, "शून्यापासून सुरू करू."

पहिल्याच आठवड्यात यंत्र बिघडलं. ते अतिशय शूर खेळायला लागलं. घोडे सैन्य सोडून एकटेच शत्रूच्या मुलखात शिरायचे. मेश्रामांनी सगळ्यांचे आकडे तपासले आणि खानझोड्यांपाशी थांबले.

"खानझोडे सर, घोडा फार तर आठ घरांत जाऊ शकते. तुमचा अकरा घरांत चालला."

"त्याची तिथे ताकदच तेवढी आहे," खानझोडे म्हणाले. "मला पुढचं दिसतंय ना. चार खेळ्यांत वकील रडेल."

"ताकद नका मोजू. घरं मोजा."

"अहो, पण मी विचार करून सांगतोय."

"तेच तर चुकून राहिलं," मेश्राम म्हणाले. "विचार करायला कोणी सांगितलं तुमाले?"

खानझोड्यांनी आपली खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. त्यांच्या जागी हिंदीचे तिवारी आले. त्यांना उंट कोणता आणि प्यादं कोणतं हेही ठाऊक नव्हतं. "हम सिर्फ गिनेंगे," असं त्यांनी आधीच बजावलं, आणि त्या दिवसापासून यंत्र सुतासारखं सरळ चालायला लागलं. आमच्या कॉलेजच्या इतिहासात एखाद्या पदासाठी अज्ञान ही पात्रता उघडपणे मानली गेल्याचा हा पहिला प्रसंग.

मधेच एकदा प्राचार्य येऊन पटाकडे बघत उभे राहिले आणि त्यांनी वजीर पुढे काढण्याची सूचना केली. मेश्राम म्हणाले, "टाकतो सर यंत्रात." चारी पट लावले, आम्ही मोजलं, बेरीज आली वजा पाच. मेश्रामांनी ती वाचून दाखवली, शिपायाने सांगितलेली खेळी असती तर वाचली असती तशीच, त्याच आवाजात.

"यंत्राला अजून अनुभव नाही," प्राचार्य म्हणाले आणि गेले.

यंत्राला कोण बोलतंय हे कळत नाही, ही गोष्ट मेश्रामांना फार आवडायची. एकदा मला म्हणाले, "हे पाहा. त्याले राजाचं नाव माहीत नाही, सोंगट्या शिसवी आहेत का साध्या लाकडाच्या, माहीत नाही. समोर कोण बसला, हे तर बिलकुल माहीत नाही. पटावर काय आहे, तेवढं पाहते. आपल्या लोकायले एवढं शिकायला किती वर्षं लागून राहिले."

खेळी ठरली की मेश्राम ती चिठ्ठीवर लिहीत आणि संध्याकाळी सायकलने सदरला नेत. वकिलांच्या ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात पक्षकारांसाठी एक बाक होता. मुनीम चिठ्ठी आत नेई. मेश्राम बाकावर बसत. जमिनीच्या भांडणांतले लोक शेजारी बसलेले असत. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने एकदा विचारलं, "तुमची काहून तारीख लागली जी?"

"डाव आहे," मेश्राम म्हणाले.

म्हाताऱ्याने समजून मान हलवली. भाऊबंदकीतलाच कसलासा डाव असावा, असं त्याला वाटलं.

थोड्या वेळाने मुनीम वकिलांची खेळी लिहिलेली चिठ्ठी आणून देई आणि मेश्राम परत येत. सारा हिवाळा असा गेला. आत बोलावणं आलं नाही. डाव तर चाललेला होता, पण तो वकील आणि यंत्र यांच्यातला. मेश्राम त्यात पोस्टमन होते. वकिलांना तशीच व्यवस्था बरी वाटत असावी. यंत्राला जात नसते आणि घराणंही नसतं. त्याला दिवाणखान्यात बसवावं लागत नाही.

डाव आश्चर्य वाटावं इतका बरा चालला होता. वकील हल्ल्याची तयारी करत आणि आमच्या यंत्राला त्याचा काहीच धाक वाटत नसे, कारण धाक मोजायचं खातं कोणाकडे दिलेलंच नव्हतं. मेश्राम बेरीज अधिक एक सांगत. आम्हाला वर्ल्ड कप जिंकल्यासारखं वाटे.

मग उंटाचा प्रसंग आला.

आमचा एक उंट शत्रूच्या प्याद्यांत अडकला. तो मरणार हे खानझोड्यांना लांबून दिसलं आणि त्यांनी ते मोठ्याने सांगितलं. पण यंत्राने भलतंच केलं. उंट सोडून द्यायचा तर दूरच, त्याने आपलं एक प्यादं पुढे ढकलून वकिलांच्या तोंडाशी फुकट नेऊन ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"वळण आहे," मेश्राम म्हणाले. "आपलं यंत्र तीन खेळ्या पाहते. रस्त्याच्या वळणापर्यंत समजा. उंट आता मरते, हे त्याले दिसून राहिलं. मधे प्यादं दिलं, तर ते मारण्यात वकिलांच्या खेळ्या जातात आणि उंटाचं मरण वळणापलीकडे सरकते. वळणापलीकडे बैल उभा असला, तरी यंत्रासाठी तो नाहीच. म्हणून बेरीज चांगली आली. ते खूश आहे. पुढच्या वेळी आणखी एक प्यादं दीन. उंट मरणारच, वरून प्यादी गेली."

"तुम्हाला बरोबर खेळी दिसते आहे?"

"दिसते ना. उंट देऊन टाकायचा आणि हत्ती मधल्या फळीत आणायचा. खेळ बराबरीत राहते."

"मग तीच लिहा चिठ्ठीवर. कोणाला कळणार आहे?"

मेश्राम पॅडवरचं पान फाडत होते. ते थांबले.

"मग ते मी खेळलो असं होईल, सर," ते म्हणाले. "त्यांनी यंत्राशी खेळायचं कबूल केलं आहे. माझ्याशी नाही."

त्यांनी प्याद्याचीच खेळी लिहिली. त्या दिवशी त्यांची सायकल पंक्चर होती म्हणून मी स्कूटरवर त्यांना सदरला नेलं. मुनीम चिठ्ठी घेऊन आत गेला. आम्ही बाकावर बसलो. नेहमीचा वेळ उलटला. बाकावरचे पक्षकार एकेक करून आटोपले. दिवे लागले. मुनीम बाहेर येऊन म्हणाला, साहेब आज उत्तर देणार नाहीत, उद्या या.

दुसऱ्या दिवशीही मीच त्यांना नेलं आणि तेच झालं.

तिसऱ्या दिवशी वकील स्वतः व्हरांड्यात आले. हातात चिठ्ठी होती. दाढी केलेली नव्हती. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मेश्राम," ते म्हणाले, "जरा आत या."

आम्ही आत गेलो. दिवाणखान्यात तो शिसवी पट, त्यावर आमचा डाव मांडलेला. वकील एका बाजूला बसले आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला. मेश्राम उभेच होते.

"बसा हो. बसल्याशिवाय कसं दाखवाल?"

मेश्राम बसले. पायाला क्लिप तशीच होती.

"हे प्यादं," वकील म्हणाले. "तीन दिवस मी बघतोय. मारलं तर काय होतं ते मला सापडत नाही. इतकं उघडं प्यादं कोणी फुकट देत नाही. त्या यंत्राने नक्की लांबचं काहीतरी पाहिलंय. मी चाळीस वर्षं खेळतो आहे, मला हा सापळा दिसत नाही, हे मी मान्य करतो. आता सांगा."

मेश्राम त्या वेळी गप्प बसले असते तर डाव त्यांच्या हातात होता. वकील प्याद्याला घाबरलेले होते आणि घाबरलेला माणूस आणखी वाईट खेळला असता. मला हे दिसत होतं, म्हणजे मेश्रामांना नक्कीच दिसत होतं.

"साहेब," मेश्राम म्हणाले, "त्याच्यात काही नाही. ते प्यादं भीतीनं पुढे आलंय."

"म्हणजे?"

मेश्रामांनी त्यांना वळण आणि बैल समजावला. तिथे ते शुद्ध मराठी बोलत होते, पण बैल तोच होता. वकिलांना पटेना.

"इतकं मूर्ख आहे ते?"

"मूर्ख नाही. फार जवळचं बघतं, आणि जेवढं बघतं तेवढं प्रामाणिकपणे मोजतं."

"आणि तुम्हाला ही चूक दिसली होती?"

"हो."

"मग तुम्ही दुरुस्त का केली नाहीत?"

"मी यंत्राचा भाग आहे, साहेब. आमच्यात विचार केला म्हणून एकाला आधीच काढलंय."

वकील हसले नाहीत. ते पटाकडे बघत राहिले. त्या तीन दिवसांत त्यांनी एका बिनडोक प्याद्याला जेवढा मान दिला होता, तेवढा समोरच्या खुर्चीतल्या माणसाला इतक्या वर्षांत दिला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं असेल का, मला सांगता येणार नाही. त्यांनी ते प्यादं एक घर मागे, मुळात होतं तिथे ठेवलं.

"तुम्ही इथे काय खेळला असता?"

मेश्रामांनी लगेच हात पुढे केला नाही. आधी दोन्ही तळवे पँटवर पुसले. मग हत्ती उचलला आणि मधल्या फळीत आणला.

वकिलांनी उंट मारला. मेश्राम खेळले. वकील खेळले. कोणी "चला खेळू" म्हणालं नाही. मी भिंतीजवळच्या स्टुलावर बसलो होतो आणि मला दोघेही विसरले होते. चहा आला. तिन्ही कपबश्या एकाच सेटमधल्या होत्या. हे लिहायचं कारण एवढंच की त्या मी पाहिल्या आणि मेश्रामांनीही पाहिल्या. त्यांनी कप उचलला, चहा प्यायला, आणि त्या नादात घोडा फुकट घालवला.

डाव वकिलांनी जिंकला. उठताना ते म्हणाले, "तो घोडा गेला नसता तर बघायला हवं होतं."

"बघू ना, साहेब," मेश्राम म्हणाले.

"रविवारी या," वकील म्हणाले. या वेळी तारीख पुढे गेली नाही.

परत येताना मेश्राम स्कूटरच्या मागे बसले होते. झिरो माइलच्या दगडापाशी आल्यावर मागून आवाज आला, "इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, त्यात घोडा असा कोणी देते का गा?"

"आकडा किती?" मी विचारलं.

त्यांनी हिशेब केला असावा. "अधिक एक," ते म्हणाले. "घोडा धरून."

यंत्राचा डाव रीतसर पुढे गेला. वकिलांनी प्यादं मारलं, मग दुसरंही मारलं, मग उंटही गेला, आणि आठवड्याभरात यंत्राचा राजा शरण आला. डोंगरेबाईंना फार वाईट वाटलं. "मी तर एकदाही चुकीची बेरीज सांगितली नाही वो सर," असं त्या म्हणत राहिल्या आणि ते खरं होतं. तिवारींना आपण हरलो हे चार दिवसांनी कळलं. प्राचार्यांनी सूचनाफलकावर लिहिलं की आत्म्याचा विजय झाला असून महाविद्यालयाचं अभिनंदन.

मेश्रामांना पराभवाचं काही वाटलेलं दिसलं नाही. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, "आज ते वळणापर्यंत पाहते. उद्या दोन वळणं पाहीन. कधीतरी सगळा रस्ता पाहीन आणि सगळ्या चॅम्पियन लोकायले हरवीन. हरवू दे. त्याचं चांगलं एवढंच, की ते सगळ्यांशी खेळीन. कोणी बी समोर बसा."

त्यानंतरचे रविवार सदरमध्ये गेले. कोण किती डाव जिंकलं हे दोघांपैकी कोणी मला सांगितलं नाही. विचारलं की वकील म्हणत, "मेश्रामांना विचारा," आणि मेश्राम म्हणत, "साहेबांना विचारा." यावरून साधारण बरोबरी असावी.

मेश्रामांना मी शेवटचं पाहिलं ते काही वर्षांनी, प्रताप नगरमध्ये. वकिलांनी सदरचा बंगला सोडला होता आणि ते मुलाकडे राहायला आले होते. मेश्रामांची पुण्याला बदली झालेली, ते निरोप घ्यायला आले होते आणि मला घेऊन आले. उन्हाळ्याच्या तोंडावरची दुपार होती. व्हरांड्यात ऊन आलेलं. टेबलावर एक करड्या रंगाचा डबा होता. वर पट छापलेला, बाजूला बटणं, आणि एक वायर खिडकीतून आतल्या प्लगपर्यंत गेलेली. वकिलांच्या धाकट्या मुलाने तो परदेशातून पाठवला होता. खरं, विकत मिळणारं, बुद्धिबळ खेळणारं यंत्र.

मेश्राम त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी डबा उचलून वजन पाहिलं. "डोंगरेबाई, तिवारी आणि मुळे सर, तिघंही याच्यात बसले," ते म्हणाले.

मग ते खुर्ची घेऊन बसले. वकिलांच्या समोर नाही, शेजारी. समोर डबा होता. दोन म्हातारी होत चाललेली डोकी एका बाजूला झुकली आणि खेळीवरून भांडण सुरू झालं. वकिलांना हल्ला करायचा होता, मेश्रामांना प्यादी सांभाळायची होती.

"तुमचं ते वळण, मेश्राम. याला किती वळणं दिसतात?"

"बघू. उंट देऊन पाहू का?"

"द्या. घाबरू नका."

त्यांनी उंट दिला आणि बटण दाबलं. डबा विचार करायला लागला. आम्ही वाट पाहिली. चहा झाला. डब्यावर लाल दिवा होता, तो विझलेला होता. विचार करताना दिवा विझतच असतो, असं मेश्रामांनी समजावलं, आणि शाखेमागून शाखा कशी तपासली जाते, कोणती कशी छाटली जाते, ते वकिलांना पटावर बोट फिरवून सांगितलं. वकील अतिशय आदराने ऐकत होते. तासभर गेला असेल.

"फार खोल गेलं आहे," वकील म्हणाले.

"उंट त्याले जड चालला, साहेब," मेश्राम म्हणाले. साहेबांशी ते नागपुरी बोलायला लागले होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "पूर्ण रस्ता पाहून राहिलं ते."

दोघेही डब्याकडे बघत बसले. मी पाणी मागायला आत गेलो. वकिलांची सून स्वयंपाकघराच्या दारात पुठ्ठ्याने वारा घेत उभी होती.

लाइट तासाभरापूर्वीच गेले होते.